दलवाई सगळ्यांना माहीत, मग असफ फैजी कुणालाच का नाहीत?

फोर्टचा फिरस्ता:
तलाक, समान नागरी कायदा, मुस्लिम सुधारणा असलं काही निघालं की मराठीत गाडी दोन मिनिटांत हमीद दलवाईंवर येते. येऊ दे, माणूस मोठाच होता. पण त्याच मुंबईत त्याच काळात असफ अली असगर फैजी नावाचे एक गृहस्थ होते, जन्म १८९९चा, तोही आपल्या माथेरानचा. केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले, हायकोर्टात वकिली केली, १९३८ला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले (बाबासाहेब १९३५ ते ३८ तिथे प्राचार्य होते, त्यांच्यानंतर हे), मग इजिप्तला राजदूत, यूपीएससीचे सदस्य, काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६२ला पद्मभूषण. १९८१ला गेले. हा झाला बायोडाटा, तो सोडा.

माझं म्हणणं असं की दलवाईंनी प्रश्न चव्हाट्यावर आणला पण त्याचं उत्तर लिहून ठेवलं ते फैजींनी. १९४९चं त्यांचं 'आउटलाइन्स ऑफ मोहमेडन लॉ' आजही लॉच्या पोरांच्या हातात असतं. त्यात आणि पुढे १९६३च्या 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम'मध्ये त्यांनी जे मांडलं ते आपल्याकडे कुणी धड वाचलेलंच नाही. थोडक्यात सांगतो: धर्म म्हणजे माणसाची श्रद्धा आणि नीती, ती आतली गोष्ट, तिचा गाभा बदलत नाही. कायदा मात्र काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलतो, सरकार तो लागू करतं. शरीयतमध्ये दोन्ही एकत्र बांधलेत, ते सोडवा, म्हणजे कायदा बदलला तरी श्रद्धेला धक्का लागत नाही. हे ते इस्लामच्या आत राहून, अरबी ग्रंथ समोर ठेवून बोलत होते. आणि आपण काय करतो, तर एका बाजूला 'सगळं बदला' आणि दुसऱ्या बाजूला 'काही बदलू नका', आणि मधे हा माणूस उभा आहे त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही.

कडू कारलं:
मधे उभं राहणं सोपं असतं हो, विशेषतः घराणं मोठं, इंग्रजी फर्डं आणि वर पद्मभूषण असल्यावर. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, मराठीत लिहिणारे. १८ एप्रिल १९६६ला सात बायका घेऊन ते मुंबईच्या कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळावर गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात! त्या सात जणींना नंतर घरी, मोहल्ल्यात काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याचा विचार करा. १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, १९७७ला गेले तेव्हा पंचेचाळीसचेसुद्धा नव्हते. या माणसाच्या शेजारी तुम्ही एका पाठ्यपुस्तकाचा लेखक उभा करताय? तलाक मिळालेली बाई 'आउटलाइन्स' उघडून बसते का?

फोर्टचा फिरस्ता:
ती नाही बसत पण तिचा वकील बसतो आणि जजसाहेब पण बसतात. २२ ऑगस्ट २०१७चा सुप्रीम कोर्टाचा शायरा बानो निकाल काढून बघा, तीन विरुद्ध दोन, एका दमात दिलेला तीन तलाक रद्द. त्यात फैजींच्या पुस्तकाचा हवाला आहे. आणि गंमत अशी की तीन तलाक 'धर्मशास्त्रात वाईट पण कायद्यात चालतो' हे वाक्य मूळचं आपल्याच बॉम्बे हायकोर्टाचं, १९०५चं, साराबाई विरुद्ध राबियाबाई. एकशे बारा वर्षं ते वाक्य कोर्टात फिरत राहिलं आणि २०१७ला न्या. कुरियन जोसेफ यांनी ते उलटं केलं, की जे धर्मशास्त्रात वाईट ते कायद्यातही वाईटच. म्हणजे भारतात जो 'मुस्लिम कायदा' चालतो त्यातला किती भाग खरा शरीयतचा आणि किती भाग इंग्रज साहेबांनी 'हिदाया' या जुन्या अरबी कायदेग्रंथाचं भाषांतर वाचून बसवलेला, हा प्रश्न. फैजी आयुष्यभर हेच उकलत बसले होते.

बंदररोड:
अहो फिरस्ते, जरा थांबा. फैजी विद्वान होते, नाही कोण म्हणतंय. पण 'सुधारणा म्हणजे इंग्रजी शिकलेले बॅरिस्टर आणि मौलवी म्हणजे अडथळा' असं जे चित्र तुमच्या लिहिण्यातून उभं राहतं ते खोटं आहे. १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा घ्या, ज्याने बाईला कोर्टातून फारकत मागता यायला लागली. त्याआधी हनफी कायद्यात (हनफी हा सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे कायद्याच्या परंपरांपैकी एक) नवरा बेपत्ता झाला, पोसत नाही, मारतो, तरी बाईची सुटका जवळपास नव्हतीच. पंजाबात बायका सुटायचं म्हणून इस्लाम सोडल्याचं जाहीर करायच्या, कारण तेव्हा धर्म सोडला की निकाह आपोआप तुटायचा. यावर तोड कुणी काढली? देवबंदच्या मदरशात शिकलेल्या मौलाना अशरफ अली थानवींनी. १९३१च्या आसपास त्यांनी 'अल हीलतुन नाजिझा' लिहिलं, मालिकी मजहबमध्ये बाईला जी मोकळीक आहे ती अशा अडचणीत हनफींनी घ्यावी म्हणून. त्यासाठी थेट मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून मतं मागवली. पुढे काझमी नावाच्या सदस्याने सेंट्रल असेंब्लीत, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळात बिल आणलं. हा बदल मदरशातून आला, लॉ कॉलेजातून नाही. धर्म आणि कायदा वेगळे न करता आला हेही नोट करा.

फोर्टचा फिरस्ता:
थानवींचं श्रेय शंभर टक्के. पण १९३६ला बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये मुस्लिम बायकोच्या विवाह मोडायच्या हक्कावर लेख कुणी लिहिला ते पण बघा, फैजींनीच. दोन्हीकडून रेटा होता म्हणून झालं. आणि तुमच्या उदाहरणातच एक अडचण आहे. थानवींना आणि बाकी उलेमांना त्या कायद्यात दोन गोष्टी हव्या होत्या, बाईने धर्म सोडला तरी निकाह तुटू नये ही एक, ती मिळाली. दुसरी, असे खटले मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत, ती नाही मिळाली. म्हणजे मदरशातून आलेला बदलसुद्धा शेवटी सरकारी कोर्टाच्या हातात गेलाच ना? फैजी तेच सांगत होते, कायदा एकदा सरकारच्या हातात गेला की त्याला शरीयत म्हणत राहणं ही आपली आपणच केलेली फसवणूक.

बंदररोड:
फसवणूक नाही, तडजोड. मुसलमान माणसाला रोजच्या जगण्यात निकाह, मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), वारसा हे नमाज-रोज्यापासून वेगळे वाटत नाहीत, तुम्ही कागदावर वेगळे करा पाहिजे तर. आणि ते वेगळे करायचा अधिकार कुणाला? फैजी स्वतः सुलेमानी बोहरा, म्हणजे शियांतल्या इस्माईली पंथातला संख्येने इवलासा समाज. कोट्यवधी हनफी सुन्नींनी त्यांचं का ऐकावं?

दापोलीची लेक:
हनफी हनफी काय चाललंय, आम्ही कोकणातले मुसलमान शाफई आहोत, आम्हाला विसरू नका 😄

मी एलएलबी करताना फैजींचं पुस्तक वापरलंय म्हणून लिहिते. त्यात १८६४चा एक बॉम्बे हायकोर्टाचा खटला येतो, तो वाचून मी वर्गातच हसले होते. शाफई मुलगी. शाफईत वयात आलेल्या मुलीचं पण पहिलं लग्न बापाच्या संमतीशिवाय होत नाही, हनफीत होतं. हिने काय केलं, मी हनफी झाले म्हणून सांगितलं आणि बापाला न विचारता लग्न केलं. कोर्ट म्हणालं, वयात आलेल्या मुलीला चार सुन्नी मजहबांपैकी हवा तो घेता येतो, लग्न कायदेशीर. दीडशे वर्षांपूर्वीची पोरगी बघा! थानवींनी १९३१ला जे केलं ते हिने स्वतःपुरतं आधीच केलं होतं की.

पण कारलं म्हणतात त्यात दम आहे. माझ्याकडे ज्या बायका येतात त्यांना फैजी माहीत नाहीत, दलवाईही माहीत नाहीत. त्यांना निकाहनाम्यात काय लिहिलंय तेही माहीत नसतं. मेहेरची रक्कम, दोन साक्षीदार, सह्या, संपलं. तलाक-ए-तफवीज म्हणजे ठरलेल्या अटी मोडल्या तर तलाकचा हक्क बायकोकडे, हे निकाहनाम्यात लिहून घेता येतं, कोर्ट मानतं, फैजींनी त्यावर व्यवस्थित लिहिलंय. धर्मातून कायदा वेगळा करायची गरजच नाही त्यासाठी, आहे त्या फिक्हमध्येच (इस्लामी कायदेशास्त्रातच) बसतं. मग ते मोहल्ल्यापर्यंत का नाही आलं? कारण इंग्रजीत राहिलं. उर्दूत, मराठीत, गुजरातीत बायकांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं असतं तर मी आज त्यांची मोठी फॅन असते.

कडू कारलं:
ताई, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त नीट म्हणालात.

जुनी पोथी:
सगळे कायद्यावरच भांडताय म्हणून एक वेगळी गोष्ट, कारण माझ्या मते फैजींचं खरं काम ते आहे. फातिमी खलिफांचा मोठा काजी, काजी नुमान, मृत्यू ९७४, कैरोत. त्याचा 'दआइम अल इस्लाम' हा इस्माईलींचा कायद्याचा मुख्य ग्रंथ. बोहरा समाजात तो हस्तलिखितातच राहायचा, दाईंच्या (समाजाच्या धर्मगुरूंच्या) परवानगीशिवाय वाचायला मिळणं कठीण, बाहेरच्याला तर नाहीच. परिणाम काय, तर इस्माईलींचा कायदा इस्ना अशरी (बारा इमाम मानणाऱ्या) शियांपेक्षा वेगळा आहे हे दाखवायला कोर्टापुढे छापील काही नव्हतंच, सगळ्या शियांना एकाच मापाने मोजायचे. फरक केवढा बघा, इस्ना अशरींना मुता म्हणजे ठरावीक मुदतीचं लग्न चालतं, दआइममध्ये ते साफ नामंजूर. फैजींनी १९३३ला त्यातलं मृत्युपत्राचं प्रकरण अरबी मजकुरासकट छापलं, मग अख्खा ग्रंथ संपादित करून १९५१ आणि १९६०ला कैरोत दोन खंडांत काढला. पहिल्या खंडाच्या सुमारास ते तिथेच राजदूत होते हा योगायोग छान जुळला. वर स्वतःकडची इस्माईली हस्तलिखितं मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली, १९६५ला त्यांची सूची छापली गेली. ज्या समाजात पोथ्या कुलुपात ठेवायची रीत, त्यातला माणूस त्या उचलून सार्वजनिक ग्रंथालयात ठेवतो, याला धाडस म्हणत नसाल तर कशाला म्हणता?

बंदररोड:
पोथीबुवा, सुलेमानींमध्ये दाऊदी बोहऱ्यांइतकं कडक नव्हतं हेही लिहा की. पण मान्य, हे काम कुठल्याही आलिमाला मान खाली घालायला लावेल. फक्त ह्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. हा माणूस धर्म-कायदा वेगळा करा म्हणतो आणि आयुष्याची तीस वर्षं हजार वर्षांपूर्वीच्या काजीच्या ग्रंथावर घालवतो. वेगळंच करायचं होतं तर नुमान कशाला लागतो?

फोर्टचा फिरस्ता:
कारण आधी काय होतं ते नीट माहीत असल्याशिवाय त्यातलं काय बदललं, कुणी बदललं ते कळत नाही. अडाण्याने वेगळं करा म्हणणं निराळं आणि नुमान तोंडपाठ असलेल्याने म्हणणं निराळं.

कडू कारलं:
हे छान आहे, म्हणजे आधी अरबी शिका, मग बोला. दलवाईंना अशीच गप्प करायचे लोक. तलाक वाईट आहे हे कळायला नुमान लागत नाही, शेजारची बाई लागते.

फोर्टचा फिरस्ता:
अहो पण कोर्टात शेजारची बाई चालत नाही, हवाला लागतो! २०१७ला रस्त्यावरून आलेल्या बायका आणि पुस्तकातले हवाले दोन्ही लागलेच ना.

दापोलीची लेक:
तुमचं चालू द्या, मी तफवीजच्या अटींचा एक मराठी मसुदा करतेय, मारहाण, खर्च न देणं, विचारल्याशिवाय दुसरं लग्न, या तीन धरून. बंदररोडभाई, तुमच्या ओळखीत निकाह पढवणारे काजी असतील तर सांगा, त्यांनी तो निकाहनाम्याला जोडायला हो म्हटलं पाहिजे. आमच्याकडचे म्हणतात मुलाकडचे उठून जातील.

बंदररोड:
आहेत दोघे, विचारतो. एक तयार होतील, दुसरे फतवा मागतील. तिसरी अट जपून लिहा, तिथेच अडणार.