मदत हवी आहे : सर्किट बोर्डवरील पक्के झालेले सिलिकॉन कसे काढावे?

नमस्कार. दुरुस्तीसाठी आलेल्या एका इन्व्हर्टरच्या बोर्डवर, मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून, पांढरे सिलिकॉन सीलंट सढळ हाताने भरलेले आहे आणि त्यातला फुगलेला कपॅसिटर बदलण्यासाठी ते काढणे भाग आहे. नागपूरचा उन्हाळा तोंडावर आल्याने काम लांबवता येणार नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड स्वच्छ होतो, परंतु पक्के झालेले सिलिकॉन त्यात विरघळत नाही. बांबूच्या चपट्या काडीने मोकळ्या जागेतला थर सोलून निघतो. मात्र कपॅसिटरच्या पायांमधला आणि लगतच्या बारीक रेझिस्टरांना बिलगलेला भाग ओढला, तर तांब्याचा ट्रॅकच उखडेल अशी भीती वाटते. व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायचे पेट्रोलियम द्रावक) सिलिकॉन फुगून सैल पडते, पण शेजारच्या चांगल्या कपॅसिटरांच्या तळाशी असलेल्या रबरी बुचांना त्यापासून धोका आहे का? ते किती वेळ लावून ठेवावे? इलेक्ट्रॉनिक्सला चालणारे सिलिकॉन रिमूव्हर सीताबर्डीत लहान बाटलीत मिळते का?

व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांबे गंजवते, त्यामुळे पुन्हा भरताना मी न्यूट्रल क्युअर (पक्के होताना आम्ल न सोडणारा) प्रकारच वापरणार आहे. ज्यांनी असे बोर्ड स्वतः हाताळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.