थ्रू फॉल्टनंतर ट्रान्सफॉर्मरची घरघर वाढली: कंपन मोजायचं कसं?

प्रश्न (उपकेंद्र_१३२)
१३२/३३ केव्ही, २५ एमव्हीए. ३३ केव्ही फीडरवर जवळच शॉर्ट सर्किट झालं (थ्रू फॉल्ट, म्हणजे बाहेरच्या दोषाचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून गेला), तेव्हापासून आवाज जड झालाय. तेलातल्या वायूंची चाचणी ठीक, बुखोल्झ रिलेमध्ये (आतल्या बिघाडाचा गॅस पकडणारं उपकरण) गॅस नाही. १०० मिलिव्होल्ट प्रति जी चा, मॅग्नेटने बसणारा कंपनाचा सेन्सर आहे. १०० हर्ट्झ वाढलेला दिसला तर वाइंडिंग (तारेची गुंडाळी) सैल समजायचं का?

सैल_बोल्ट
नाही. ५० हर्ट्झवरच्या धडधाकट ट्रान्सफॉर्मरमध्येही १०० असतोच, कोअरचाही (लोखंडी गाभा) आणि वाइंडिंगचाही. कोअरचं कंपन व्होल्टेजवर ठरतं आणि मागे २००, ३००, ४०० ची शेपटी असते. वाइंडिंगचं करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतं. लोड निम्मा केला की तो वाटा चौथाई. म्हणून टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचा टप्पा) तोच ठेवून आधी लोडवर मोजा, मग ३३ केव्हीचा ब्रेकर उघडून लगेच, तेल निवायच्या आत. एक मेख आहे: दोन्ही कंपनांची बेरीज फेजच्या कोनासकट होते, त्यामुळे लोड वाढूनही एखाद्या जागी १०० कमी दिसतो. एका बिंदूवर विसंबू नका.

टाकी_आणि_तेल
प्रत्येक फेजसमोर, एचव्ही (जास्त व्होल्टेज) आणि एलव्ही (कमी व्होल्टेज) दोन्ही बाजूंना, म्हणजे सहा जागा. टाकीच्या खालच्या भागातच, बुशिंगपासून (तारा बाहेर काढणारे इन्सुलेटर) लांब. स्टिफनरवर (टाकीच्या मजबुतीच्या पट्टीवर) नको. सुटलेला रंग खरवडा आणि जागेला खूण करा. वीतभर सरकलात तरी आकडा बदलतो. पंखे थोडा वेळ बंद ठेवा. ९६० आरपीएमचा सहा पात्यांचा पंखा ९६ हर्ट्झ देतो, १०० ला अगदी खेटून. १० सेकंदांचं रेकॉर्डिंग घेतलंत तर ०.१ हर्ट्झपर्यंत वेगळं करता येईल.

उपकेंद्र_१३२
५० आणि १५० पण दिसतायत.

सैल_बोल्ट
आधी केबलचा पिकअप (केबलने आजूबाजूचा विजेचा सिग्नल उचलणं) तपासा. सेन्सर टाकीवरून काढून तिथेच फोमवर ठेवा. ५० तरीही राहिला तर तो टाकीचा नाही. गेला, तर न्यूट्रलमध्ये डीसी (त्यानेही कोअरमध्ये असे ५०, १५० उठतात) येतोय का ते हॉल इफेक्ट क्लँपने बघा. साधा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) डीसी दाखवणार नाही.

टाकी_आणि_तेल
आणि मार्शलिंग बॉक्सचं (वायरिंगच्या पेटीचं) दार, पाइपचे क्लँप, रेडिएटरचे ब्रॅकेट आधी कसा. अर्धी घरघर तिथलीच निघते. थ्रू फॉल्ट झालाय म्हटल्यावर शटडाउन घेऊन एसएफआरए (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वाइंडिंगचा प्रतिसाद बघणारी चाचणी) आणि शॉर्ट सर्किट इंपीडन्सची चाचणी कराच. इंपीडन्स नेमप्लेटपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त सरकला तर वाइंडिंग जागचं हलल्याचा संशय घ्या. नुसतं क्लँपिंग (वाइंडिंग दाबून धरणारी पकड) ढिलं असेल तर हे दोन्ही बऱ्याचदा ठीक येतात. तिथे कंपनाचाच उपयोग.