गुन्हेकथेचं कॉमिक करताना निवेदन किती ठेवावं?

शिवडीकर: मित्राच्या गुन्हेकथेचं कॉमिक काढतोय. नायक सस्पेंड झालेला सबइन्स्पेक्टर, सगळी गोष्ट त्याच्याच तोंडून. भाऊच्या धक्क्यावरचा पाठलाग काढून झालाय. पण त्याची वाक्यं इतकी झकास आहेत की एकही गाळवत नाही. कॅप्शनच्या गर्दीत चित्र दिसेनासं झालंय. कादंबऱ्यांची कॉमिक्स करणाऱ्यांनी हे कसं सोडवलंय?

शाईबहाद्दर: डार्विन कुकचं 'द हंटर' (२००९) हे कॉमिक बघा. मूळ कादंबरी १९६२ची, डोनाल्ड वेस्टलेकने रिचर्ड स्टार्क या टोपणनावाने लिहिलेली. त्याचा नायक, दरोडेखोर पार्कर, जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून चालत न्यूयॉर्कमध्ये शिरतो, आणि सुरुवातीची कितीतरी पानं जवळजवळ मुकी. चेहरासुद्धा कुक लगेच दाखवत नाही. खांदे, चाल, त्याच्याकडे वळणाऱ्या नजरा. माणूस किती तापलाय ते पाठीवरूनच कळतं! काळी शाई आणि एक निळसर छटा, बस्स.

हे पुस्तक मला जीव की प्राण आहे, पण तुमच्या कामी अर्धंच येईल. स्टार्कचं निवेदन तृतीयपुरुषी, कोरडं. पार्कर काय करतो एवढंच सांगणारं. ते चित्रात सहज उतरतं. तुमचा सबइन्स्पेक्टर बोलका. त्याचा आवाज काढलात तर उरेल नुसती धावाधाव.

दादरची वाचक: म्हणून फ्रेंच कॉमिककार जाक तार्दी वाचा. झाँ-पात्रिक मांशेतच्या १९७६च्या कादंबरीवर त्याने २००५मध्ये कॉमिक केलं. तिथेही निवेदक तिऱ्हाईतच आहे, पण तार्दी मजकूर भरपूर ठेवतो. रात्री पॅरिसच्या रिंगरोडवर गाडी पळवणारा नायक चित्रात दिसतोच. पोटात दारू आणि गोळ्या आहेत, कानावर जॅझ पडतंय, हे मजकूर सांगतो.

शाईबहाद्दर: अगदी बरोबर. शिवडीकर, एकेक कॅप्शन बोटाने झाकून बघा. 'धक्क्यावर अंधार होता' असलं काही असेल तर खुशाल उडवा, तुमची शाई ते सांगतेय. पण 'ह्याच्या मुलीच्या बारशाला मी जेवलो होतो' असं वाक्य पळता पळता आलं, तर त्याला हात लावू नका. ते कुठल्याच चौकटीत काढता येणार नाही, आणि पाठलागाला खरी धार तिथेच येते.

तरीही मजकूर उरलाच, तर कुकचं पार्करवरचंच दुसरं कॉमिक 'द आउटफिट' उघडा. त्यातले दरोडे त्याने वेगवेगळ्या शैलीत मांडलेत. एक तर चक्क मासिकातल्या लेखासारखा, छापील मजकूर आणि सोबत चित्रं. तुमच्या नायकाचा जबाब तसा एका पानावर बसेल. पाठलागाची दोन पानं इथे टाका, कॅप्शनसकट आणि कॅप्शनविना.