पोकरसाठी लॅपटॉप: पैसा ग्राफिक्स कार्डात नको, स्क्रीनमध्ये घाला

बदाम दश्शी (धागा)

माझा भाचा ऑनलाइन पोकर मन लावून खेळतो, एका वेळी चार टेबलं. नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणून त्यानं तीन मॉडेलं निवडून मला दाखवली. तिन्ही गेमिंगवाली. वेगळं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झची स्क्रीन, खालून दिवे लागणारा कीबोर्ड, आणि चार्जर धरला तर पाठीवर तीन किलोचं ओझं. मी नको म्हणालो. का, ते इथे लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि मानेचं दुखणं मागे लावून घेतलं आहे.

पोकरच्या टेबलावर हलतं काय? पत्ते, चिप्स आणि वेळ सरत असल्याची पट्टी. प्रोसेसरच्या आतच जे ग्राफिक्स असतं ते एवढ्याला पुरून उरतं. १४४ हर्ट्झ बंदुका चालवायच्या खेळात कामाचे. इथे विचार करायला काही सेकंद मिळतात.

खरी अडचण जागेची. १९२० गुणिले १०८० च्या स्क्रीनवर चार टेबलं एकावर एक न चढवता मांडली, तर प्रत्येकाला ९६० गुणिले ५४० एवढीच जागा मिळते. त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली ट्रॅकरचे, म्हणजे डावांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामचे, आकडे. १४ इंची स्क्रीनवर समोरच्याचा स्टॅक (त्याच्याकडे उरलेल्या चिप्स) वाचायला पुढे वाकावं लागतं, आणि तीन तास वाकून बसल्यावर चौथ्या तासाचे निर्णय कसे होतात ते ज्यानं खेळलंय त्याला माहीत आहे. २७ इंची, २५६० गुणिले १४४० चा मॉनिटर जोडला की तेच टेबल १२८० गुणिले ७२० चं होतं. पाठ सरळ राहते.

म्हणून माझं मत: साधा, दणकट, ऑफिसात वापरतात तसा लॅपटॉप घ्यावा. १६ जीबी रॅम, एसएसडी, आणि शक्यतो बाजूला आकड्यांची कळपट्टी असलेला कीबोर्ड, कारण बेटची रक्कम टाइप करणं स्लायडर ओढण्यापेक्षा जास्त भरवशाचं. एसएसडीवर मी हटून आहे. पोकरट्रॅकर ४ काय किंवा होल्डेम मॅनेजर काय, दोन्ही सगळे डाव पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसमध्ये साठवतात. चार टेबलांवर तासाला तीनशेच्या आसपास डाव होतात. वर्षभरात तो डेटाबेस फुगतो, आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर साधी चौकशी केली तरी वाट पाहत बसावं लागतं.

लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मॅट आणि आयपीएस असावी. रात्री उशिरा इस्पिक आणि किलवर यांत गफलत होते, म्हणून बरेच जण चार रंगी पत्ते लावतात: चौकट निळी, किलवर हिरवं. स्वस्त टीएन पॅनलवर थोडं तिरकं पाहिलं की रंगच बदलतात, आणि मग त्या सोयीचा उपयोग उरत नाही.

उरलेले पैसे मॉनिटर आणि माउसवर. टचपॅडवर खेळू नका. कॉलच्या (बेट भरून डावात राहण्याच्या) जागी फोल्ड (पत्ते टाकणं) दाबला गेला की तो पॉट परत येत नाही.

किलवर सत्ती

स्क्रीनबद्दल पटलं. बाकी साफ असहमत.

तुम्ही फक्त खेळण्याचा विचार केलात. आज पोकर जिंकतात ते टेबलाबाहेर, अभ्यासात. मी आठवड्यातले निम्मे तास सॉल्व्हरवर, म्हणजे डावातली उत्तम खेळी गणितानं शोधणाऱ्या प्रोग्रामवर, घालवते. पायोसॉल्व्हर ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही, हे तुमच्या बाजूनं आहे. पण प्रोसेसरचा प्रत्येक कोअर आणि मिळेल तेवढी रॅम तो खातो. एका फ्लॉपसाठी (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) एकच बेट साइझ दिली तर झाड, म्हणजे पुढच्या सगळ्या शक्य खेळींचा पसारा, आटोक्यात राहतं. फ्लॉपला तीन साइझ, टर्नला (चौथ्या पत्त्याला) दोन, त्यावर रेझ (बेट वाढवणं) असं दिलं की तेच झाड कित्येक पटींनी वाढतं, आणि १६ जीबीत विंडोज, ब्राउझर, डेटाबेस आणि हे झाड असं सगळं मावत नाही. झाड बांधण्याआधी किती मेमरी लागेल याचा अंदाज प्रोग्राम स्वतःच दाखवतो. तो आकडा पाहून साइझ कमी करत बसणं हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे. ३२ जीबीच्या खाली जाऊ नका.

आणि गेमिंग लॅपटॉप मी घेतला तो त्याच्या पंख्यांसाठी. पातळ ऑफिस लॅपटॉप पूर्ण जोरावर काही मिनिटं चालतो, मग तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. सॉल्व्हरला अर्धा-पाऊण तास अखंड जोर लागतो. कागदावर तोच प्रोसेसर, पण हवा खेळती असलेल्या जाड लॅपटॉपमध्ये तो लवकर काम संपवतो. हे मी दोन मशीनवर एकच झाड चालवून पाहिलं आहे.

बदाम दश्शी

@किलवर सत्ती, हा मुद्दा दहा वर्षांपूर्वी मी मान्य केला असता. आता तयार सोडवलेली उत्तरं ब्राउझरमध्ये पाहता येतात, जीटीओ विझार्डसारखी. एकूण फ्लॉप २२,१००. रंगांची अदलाबदल सारखी धरली तरी १,७५५ वेगळे उरतात. ते सगळे तुम्ही घरी किती रात्री सोडवणार? जे दुसऱ्यानं मोठ्या यंत्रांवर सोडवून ठेवलंय ते वाचायला आठ जीबीचा लॅपटॉपही चालतो.

इस्पिक एक्का

दश्शींना दुजोरा. ताकदीनं सगळं होत नाही याचा पुरावा संशोधनातच आहे. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामनं दोघांचा लिमिट होल्डेम (ज्यात बेटची रक्कम ठरलेली असते) सोडवला तेव्हा ४,८०० कोअर अडुसष्ट दिवस राबत होते. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामनं सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर व्यावसायिकांना हरवलं, आणि खेळताना त्याच्याकडे होते फक्त दोन प्रोसेसर. पद्धत सुधारली की यंत्र लहान चालतं.

किलवर सत्ती

@इस्पिक एक्का, उदाहरण अर्धं सांगितलंत. त्या दोन प्रोसेसरच्या जोडीला १२८ जीबी मेमरी होती. आणि टेबलावर बसण्याआधी त्याचा पाया ६४ कोअरच्या सर्व्हरवर आठ दिवस घडवला होता. म्हणजे मी म्हणते तेच: मेमरी लागतेच. शिवाय सेफियसचं उत्तर जवळजवळ अचूक असल्याची गणिती हमी होती, प्लुरिबसला तशी हमी नव्हती. दोन वेगळ्या कामांची तुलना करून यंत्र लहान झालं म्हणता येत नाही.

@बदाम दश्शी, तयार उत्तरांत समोरचाही चुका न करता खेळतो असं धरलेलं असतं. माझ्या टेबलावर तो तसा खेळत नाही. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) जो कधीच ब्लफ करत नाही, त्याच्या झाडात ती फांदी मी बांधून टाकते, ज्याला नोडलॉक म्हणतात, आणि मग माझं उत्तर काय बदलतं ते पाहते. माझ्या नफ्याचा मोठा भाग या बदलातून येतो. ते झाड मला माझ्या यंत्रावर, मला हवं तेव्हा, हव्या तितक्या वेळा चालवायचं असतं.

बदाम दश्शी

नोडलॉकचं मान्य. ते माझ्या डोक्यात नव्हतं, कारण मी तितका खोलात जाऊन अभ्यास करत नाही. पण मग प्रश्न असा की त्यासाठी लॅपटॉपच का? तेवढ्याच पैशात डेस्कटॉपमध्ये जास्त रॅम, जास्त कोअर आणि चांगली हवा मिळते.

चौकट गुलाम

एक छोटा मुद्दा. ओलेड स्क्रीन घ्या, काळा रंग खरा काळा दिसतो, डोळ्यांना बरं वाटतं. मी वर्षभर वापरतोय.

बदाम दश्शी

@चौकट गुलाम, पोकरसाठी मी ओलेड टाळेन. फोल्ड, कॉल, रेझची बटणं रोज चार-पाच तास एकाच जागी उजळलेली असतात. अशा स्थिर चित्राचा डाग ओलेडवर कायमचा उमटू शकतो. वर्षात दिसला नाही म्हणजे तिसऱ्या वर्षी दिसणार नाही असं नाही. तुम्ही निदान टेबलांची जागा अधूनमधून बदलत जा.

दुर्री

तुम्ही सगळे वेगावर भांडताय. माझ्या मते पहिला निकष सुरक्षितता हवा, आणि तिच्यामुळे रॅमचा वादही वेगळ्या तऱ्हेनं सुटतो.

२०१३ मध्ये फिनलंडचा येन्स क्यूल्लोनेन बार्सिलोनाच्या युरोपियन पोकर टूरला गेला होता. हॉटेलच्या खोलीतून त्याचा लॅपटॉप गायब झाला आणि थोड्या वेळानं परत जागेवर दिसला. त्याला शंका आली, त्यानं तो एफ-सिक्युअरकडे तपासायला दिला. आत ट्रोजन निघाला, त्याची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारा. म्हणजे त्याच टेबलावर बसलेल्याला त्याचे दोन्ही पत्ते दिसले असते. २०१५ मध्ये ईसेटनं ओडलानोर नावाचा असाच प्रकार उघड केला. तो पोकरस्टार्स आणि फुल टिल्टच्या खिडक्यांचे स्क्रीनशॉट काढून पाठवायचा, आणि घरात शिरायचा तो इकडून तिकडून उतरवलेल्या प्रोग्रामांच्या पोटात बसून. त्यात पोकरचे कॅल्क्युलेटर आणि डेटाबेसही होते.

म्हणून खेळायचा लॅपटॉप फक्त खेळायचा. त्यावर पोकरचा क्लायंट (साइटचा खेळायचा प्रोग्राम), साइटला चालत असेल तर ट्रॅकर, आणि दुसरं काही नाही. फुकटचे सिनेमे नाहीत, पाहुण्यांच्या मुलांचे गेम नाहीत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, ज्याला सुरक्षा अपडेट मिळतात अशी सिस्टिम. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा कुणी जुना लॅपटॉप स्वस्तात देत असेल तर तो ११ वर जातो का हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट. खेळ चालू असताना सॉल्व्हर किंवा तशी मदत उघडी असणं मोठ्या साइटच्या नियमांत बसत नाही, आणि काही क्लायंट चालू असलेले प्रोग्राम तपासतात. किलवर सत्ती प्रामाणिकपणे दुपारी अभ्यास करत असतील, पण मागे चालू राहिलेल्या झाडाचा खुलासा देत खातं सोडवून घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. जीजीपोकरवर तर बाहेरचा एचयूडीही (टेबलावर दिसणारे ट्रॅकरचे आकडे) चालत नाही. खेळ एका यंत्रावर, अभ्यास दुसऱ्यावर. तसं केलं की खेळायच्या लॅपटॉपला दश्शींची १६ जीबी भरपूर, आणि अभ्यासाच्या डेस्कटॉपला सत्तींची ३२ काय, ६४ बसवा.

तिर्री

दोन यंत्रं हा सल्ला व्यावसायिकांना ठीक. तळच्या स्टेक्सवर (लहान रकमांनी) खेळणाऱ्यानं लॅपटॉपचा खर्च बाय-इनमध्ये (टेबलावर बसायला लागणाऱ्या रकमेत) मोजून पाहावा. माझ्या हिशेबानं एक चांगला डेस्कटॉप म्हणजे माझा अख्खा बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) कित्येकदा. बँकरोलमधून यंत्र घेणं म्हणजे बियाणं शिजवून खाणं. मी एकाच लॅपटॉपवर विंडोजची दोन वेगळी खाती ठेवली आहेत, एक खेळाचं, एक बाकी सगळ्याचं, आणि खेळण्याआधी मशीन रीस्टार्ट करतो. क्यूल्लोनेनसारखं मला लक्ष्य करून कुणाला काय मिळणार?

दुर्री

@तिर्री, ओडलानोर कुणाला निवडून शोधत नव्हता, जो तो प्रोग्राम उतरवेल तो सापडायचा. तरी वेगळं खातं आणि रीस्टार्ट हे काहीच न करण्यापेक्षा नक्की चांगलं. खर्चाचं तुमचं बरोबर आहे.

तिर्री

शिवाय कुणी जोडणीबद्दल बोललंच नाही. पातळ लॅपटॉपांना आता लॅन केबलचं तोंड नसतं. पोकरला फार वेग लागत नाही, पण वायफाय पाच सेकंद गेलं की टाइम बँक (विचारासाठी मिळणारा जादा वेळ) खात बसावं लागतं. तोंड असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर यूएसबीचा अडॅप्टर. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, राउटर बंद पडेल. फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवा. आणि विंडोज अपडेटचे सक्रिय तास ठरवून द्या, १८ तासांपर्यंत देता येतात. स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर माझं मशीन आपोआप रीस्टार्ट झालं आहे. ती रात्र मी विसरलो नाही.

इस्पिक एक्का

मॅकचं काय? बॅटरी दिवसभर, पंख्याचा आवाज नाही.

किलवर सत्ती

@इस्पिक एक्का, नुसतं खेळायला उत्तम. मोठ्या साइटचे क्लायंट आहेत, पोकरट्रॅकर ४ आहे. पण होल्डेम मॅनेजर आणि पायोसॉल्व्हर विंडोजचे, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवायची सोय) चालत नाही. अभ्यास करणार असाल तर अडाल.

बदाम दश्शी

भाच्याशी बोललो, हा धागा त्याला वाचायला दिला. तो नोडलॉक करतो की नाही हे मी विचारलंच नव्हतं. करतो, आठवड्यातून दोनदा. डेस्कटॉपला जागा नाही, म्हणून दोन यंत्रांचा मार्ग त्याला आत्ता बंद. तेव्हा माझा सल्ला बदलतोय: रॅम बोर्डावर पक्की बसवलेली नको, स्लॉट असलेलं मॉडेल. आज १६, पुढे ३२. ग्राफिक्स कार्ड नको म्हणतो ते अजूनही म्हणतो. मॉनिटर आधी, रॅम नंतर. मॉनिटर निवडताना लॅपटॉप आणि मॉनिटरचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दिसतात ते प्रमाण) सारखं ठेवता येईल असं पाहायला सांगितलंय, नाहीतर टेबल एका स्क्रीनवरून दुसरीकडे नेलं की एचयूडीचे आकडे भलत्याच खेळाडूखाली जाऊन बसतात.

किलवर सत्ती

स्लॉट हे पटलं. क्रम नाही पटला, रॅम आधी आणि मॉनिटर नंतर असं मी अजूनही म्हणेन. त्याला एक सांगा. लॅपटॉप आल्या दिवशी परत करायची मुदत किती ते पाहून ठेव, आणि त्या मुदतीत अर्धा तास सॉल्व्हर पूर्ण जोरावर चालव. पहिल्या पाच मिनिटांचा वेग आणि शेवटच्या पाच मिनिटांचा वेग लिहून ठेव. फरक मोठा निघाला तर तो लॅपटॉप ठेवू नकोस.