कोयना खोऱ्यातील जुन्या दगडी घरावर स्लॅब टाकावा का?

प्रश्न: पाटणचा रहिवासी

नमस्कार. आमचे राहते घर पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यातील एका गावात डोंगराच्या उतारावर आहे. आजोबांनी बांधलेल्या या घराच्या भिंती अठरा इंच जाडीच्या, अनघड काळ्या दगडाच्या आणि मातीत रचलेल्या असून वर सागवानी वासे व मंगलोरी कौले आहेत. १९६७ च्या भूकंपात घर उभे राहिले, फक्त उत्तरेकडचा कोपरा ढासळला आणि तो त्याच दगडांत पुन्हा रचून घेतला, असे वडील सांगतात. आता कुटुंब वाढल्यामुळे कौले उतरवून याच भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकावा आणि पुढे त्यावर दोन खोल्या चढवाव्यात, असा घरच्यांचा विचार आहे. एवढी जाड भिंत भूकंपातही टिकली, मग स्लॅबला काय हरकत, असे गवंड्यांचे म्हणणे आहे.

मला दोन गोष्टींची धास्ती वाटते. उत्तरेच्या कोपऱ्यापासून दोन हातांवर जोत्यापासून थेट वाशांपर्यंत एक उभा तडा गेला आहे. तसेच घरामागे डोंगराची माती अडवणारा सहा फूट उंचीचा दगडी ताल आहे. तो पूर्वी कोरडा रचलेला होता. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने त्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरून दिल्या आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत तालाने मधोमध पोट काढले आहे. स्लॅब टाकण्यापूर्वी काय तपासावे, आणि मुळात तो टाकावा का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: संरचना अभियंता, कराड

स्लॅब टाकू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो आणि मग कारणे देतो.

भूकंपात इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कोयना परिसर भूकंपाच्या झोन ४ मध्ये येतो आणि तेथील झोन गुणांक, म्हणजे हादऱ्याची तीव्रता दाखवणारा आकडा, ०.२४ आहे. भूकंप-पट्टे (भिंतींना चहूबाजूंनी बांधणारे सलग आडवे पट्टे) नसलेल्या साध्या दगड-विटांच्या बुटक्या बांधकामाचा हिशेब त्या मानकातल्या सूत्राने केला, तर वजनाच्या सुमारे एक-पंचमांश इतके आडवे बल धरावे लागते. मातीत रचलेल्या अनघड दगडाची भिंत त्या सूत्रातल्या बांधकामापेक्षाही कमकुवत असते. तुमची एक खोली बारा बाय वीस फुटांची आहे असे समजू. तिच्यावरच्या पाच इंची स्लॅबचे नुसते वजन सात टनांच्या आसपास भरते आणि वॉटरप्रूफिंग, फरशी धरली की ते दहा टनांवर जाते. म्हणजे भिंतींच्या माथ्यावर दोन टनांचा आडवा धक्का, तोही उलटसुलट दिशांनी. कौलांचे छप्पर याच्या पाव वजनाचेही नसते.

म्हणूनच १९६७ मध्ये घर टिकले या गोष्टीवरून आजचा निष्कर्ष काढता येत नाही. त्या ११ डिसेंबरच्या पहाटे भिंतींवर हलके छप्पर होते, भिंतीच्या पोटातली माती शाबूत होती आणि लाकूड सुके होते. तरीसुद्धा एक कोपरा गेलाच. त्यानंतरच्या पाच-सहा दशकांत पावसाने किती माती धुऊन नेली असेल, हे गिलाव्यावरून कळत नाही.

भिंत जाड आहे म्हणून मजबूत आहे, हा समज सर्वांत धोक्याचा आहे. अठरा इंची दगडी भिंत बहुतेक वेळा एकसंध नसते. आतला पदर वेगळा, बाहेरचा पदर वेगळा आणि मध्ये माती व दगडांच्या खपल्यांची भरती, अशी तिची रचना असते. हादरे बसले की मधली भरती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते आणि भिंत पोट काढून फुटते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात माणसे मोठ्या संख्येने दगावली ती अशाच जाड दगडी भिंती आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांखाली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसवलेले असतील, तर हे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. अनघड दगडाच्या भिंतीत असे दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत असावेत, असा संकेत आहे. आपल्या भिंतीत ते आहेत का, हे खिडकीच्या बाजूचे चार-सहा दगड अलगद काढले की दिसते.

वर आरसीसी आणि खाली मातीतला दगड अशा मिश्र बांधकामात ताकद जिथे अचानक बदलते, तिथेच ताण साचतो. कोयना धरणाचेच उदाहरण पाहा. १९६७ च्या हादऱ्यांत त्याच्या उंच भागात आडव्या भेगा पडल्या त्या जलाशयाच्या विरुद्ध अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीवर, आणि पुढे त्या भागाला मागून काँक्रीटचे धीरे देऊन बळकटी दिली गेली. शास्त्रोक्त आराखड्याच्या, १०३ मीटर उंचीच्या धरणाला जो नियम चुकला नाही, तो घराच्या भिंतीला चुकेल असे समजू नये.

पाटणचा रहिवासी

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. खिडकीजवळचे दगड काढून पाहिले. अर्ध्या भिंतीपर्यंतच जाणारे दगड दिसले, आरपार गेलेला एकही सापडला नाही. मधली माती बोटाने उकरता येते, इतकी भुसभुशीत झाली आहे. उभा तडा आतूनही त्याच जागी दिसतो. तो पाया खचल्यामुळे आहे, की दुसरे काही कारण असावे?

उत्तर २: भूतांत्रिक कामांचा सल्लागार, सांगली

वर्णनावरून हा तडा पाया खचल्याचा वाटत नाही. पाया एका बाजूला खचला की तडा सहसा तिरका, दरजांच्या पायऱ्यापायऱ्यांनी जातो आणि एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बारीक असतो. जोत्यापासून वाशांपर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ उभा तडा आणि तोही पुन्हा रचलेल्या कोपऱ्यापासून दोन हातांवर, म्हणजे तो जुन्या व नव्या रचाईचा सांधा असण्याची शक्यता अधिक. कोपरा नव्याने रचताना जुन्या भिंतीत दात सोडून दगड गुंतवले गेले नसावेत. तरीही अंदाजावर थांबू नये. तड्यावर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहावी आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे, असे समजावे.

पायाची खातरजमा मात्र करावीच. उतारावरच्या घरात निम्मे घर डोंगर कापून केलेल्या कठीण मुरमावर आणि निम्मे पुढच्या भरावावर असते. डोंगराकडच्या आणि दरीकडच्या भिंतीलगत एकेक खड्डा घ्यावा, माणूस उतरेल एवढाच, पायाच्या तळापर्यंत. तळाखाली अजिबात उकरू नये, दोन्ही खड्डे एकाच वेळी उघडे ठेवू नयेत आणि पाहणी होताच मुरूम धुमसून त्याच दिवशी बुजवावेत. ही पाहणी उन्हाळ्यातच व्हावी.

मला खरी काळजी आपल्या तालाची वाटते आणि स्लॅबच्या चर्चेत तो मागे पडू नये. कोरड्या रचाईच्या तालाचे सामर्थ्य त्याच्या उघड्या दरजांत असते, कारण डोंगरातून झिरपणारे पाणी त्यांतून वाहून जाते. दरजा सिमेंटने बंद केल्या की तेच पाणी मागे तुंबते. सहा फुटी तालावर निचरा झालेल्या मातीचा दाब दर मीटर लांबीला सुमारे एक टन असतो. मागे माथ्यापर्यंत पाणी साचले, तर माती आणि पाणी मिळून तो दोन टनांच्या पुढे जातो. पोट येण्याचे कारण बहुधा हेच. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. त्या घटना कितीतरी मोठ्या होत्या, परंतु उतारावर मुरलेले पाणी काय करते हे या तालुक्याला सांगण्याची गरज नाही.

फुगलेला भाग बाहेरून टेकू देऊन किंवा वर सिमेंटचा थर चढवून सुधारत नाही. तो उतरवून पुन्हा रचावा लागेल, एका वेळी सहा-सात फूट लांबीचाच, म्हणजे मागची माती एकदम मोकळी होणार नाही. मागे फूटभर जाडीची दगड-खडीची भरती द्यावी आणि माती त्यात शिरू नये म्हणून मध्ये गाळणीचे कापड घालावे. सिमेंटमध्येच बांधायचा असेल, तर तीन-चार इंची पाइप दर चार-पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन ठेवावेत. तालाच्या वरच्या अंगाला एक चर खणून डोंगराचे पाणी घराला वळसा घालून नाल्याला सोडावे. या चराचा खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत मोठा आहे.

उत्तर ३: बांधकाम पर्यवेक्षक, सातारा

आरपार दगड नसल्यास ते काँक्रीटचे करता येतात. भिंतीतून एक-दोन दगड सैल करून तीन इंच रुंदीचे आरपार भोक करावे, त्यात दोन्ही टोकांना हूक केलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवावी आणि काँक्रीट ठासून भरावे. साधारण दर मीटरला एक, आणि वरच्या-खालच्या ओळी एकाआड एक सरकवून. एक पथ्य कसोशीने पाळावे. घण किंवा ब्रेकर लावू नये. लहान पहारीने दगड हलवत हलवत काढावा, कारण दणक्याने आतली भरती खाली बसते आणि ज्या रोगावर उपाय करायचा तोच बळावतो. माती सुटत असेल तर त्या दिवशी तिथे थांबून जवळपासचा भाग टेकू देऊन धरावा.

उत्तर ४: संरचना अभियंता, कराड

वरील दोन्ही सूचनांशी सहमत आहे. आरपार सांधे झाल्यावर खिडक्या-दारांच्या माथ्यावर आणि वाशांच्या खाली, भिंतीच्या आतून-बाहेरून गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळीचा सलग पट्टा एकास तीन सिमेंट-वाळूच्या गिलाव्यात बसवावा. आतला व बाहेरचा पट्टा भिंतीतून नेलेल्या तारांनी जोडावा. कोपऱ्यावर जाळी तोडू नये, वळवून पुढे न्यावी आणि जोड द्यायचा तर किमान फूटभर एकमेकांवर चढवावी. उत्तरेच्या कोपऱ्यात जोत्यापासून वरपर्यंत उभी जाळीही द्यावी, म्हणजे तो सांधा शिवला जाईल. दगड-विटांच्या इमारतींच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या आयएस १३९३५ या भारतीय मानकात ही पद्धत दिलेली आहे. छप्पर कौलांचेच ठेवून वासे आणि भिंतीवरची लाकडी पाटी पट्टीने बांधून घ्यावी.

दोन खोल्यांची गरज खरी आहे, ती अंगणात भागवावी. स्वतंत्र पायावर, जुन्या भिंतीला न टेकता, मध्ये मोकळी फट ठेवून एकमजली आरसीसी चौकट करता येईल. तिच्या कॉलमच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले आहेत, हे काँक्रीट ओतण्यापूर्वी स्वतः पाहावे. नवा खड्डा जुन्या पायापेक्षा खोल जाणार असेल, तर खोलीतल्या फरकाच्या किमान दुप्पट अंतरावर तो घ्यावा. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी एकच काम होण्याजोगे असेल, तर चर आणि ताल आधी घ्या, आणि तो पुन्हा रचून होईपर्यंत तालालगतच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका. जाळीचे काम दिवाळीनंतर सुरू केले तरी चालेल.