वर्षातून दोनच मॅरेथॉन का?

व्यावसायिक महिला मॅरेथॉनपटूंचं वर्षाला दोनच शर्यती पळून भागतं कसं, हा प्रश्न रास्त आहे. पण एका मॅरेथॉनमागे 12 ते 16 आठवड्यांची तयारी असते, तीही अनेकदा आठवड्याला 160 किलोमीटरच्या वर. मग विश्रांती. वर्ष संपलंच की! कमाई मुख्यतः बुटांच्या कंपनीचा करार, शर्यतीत उतरण्याचं मानधन आणि बक्षिसं यांतून.

गाडं अडतं ते बहुधा खाण्यावर. सरावाच्या मानाने आहार कमी पडला की पाळी लांबते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं कमकुवत होतात आणि नडगीला बारीक चीर जाते. मोसम गेलाच. पाळी थांबणं हे फिटनेसचं लक्षण मानणारा प्रशिक्षक आधी बदलावा. फेरिटिनही (रक्तातलं प्रथिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) नियमित तपासावं लागतं.

शर्यतीत साधारण दर 5 किलोमीटरवर टेबलावर स्वतःची बाटली असते. तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट त्यातूनच जातं. एखादी हुकली तर फटका 30 किलोमीटरनंतर बसतो, म्हणून बाटलीला पटकन पकडता येईल अशी कडी लावतात.

ट्रॅकवरून मॅरेथॉनकडे उशिरा येणंही चालतं: इथिओपियाची टिगस्ट असेफा 2016च्या ऑलिंपिकमध्ये 800 मीटर धावली होती, 2023मध्ये बर्लिनला तिने 2:11:53 वेळ दिली.