मदत हवी आहे: आबादेचा लाकडी सरबताचा चमचा तुटलाय

मंडळी, घरात एक जुना इराणी चमचा आहे. बाबांना त्यांच्या कॅम्पातल्या इराणी मित्राने दिलेला. नासपतीच्या लाकडाचा, आबादे गावच्या धाटणीचा. (हे गाव इस्फहान आणि शिराझच्या मध्ये आहे, तिथली मुनब्बतकारी, म्हणजे लाकडावरचं कोरीवकाम, नावाजलेलं.) असे चमचे सरबताच्या वाडग्यात तरंगत ठेवायचे आणि पाहुण्यांनी त्यातूनच प्यायचं. १९व्या शतकातले काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत.

वाटी एकाच लाकडातून इतकी पातळ कोरलीय की उजेडात धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसते. दांडा वेगळा करून बसवलेला, त्यावर जाळी. जाळी कसली, लेसच म्हणा! परवा फडताळ आवरताना पडला आणि दांडा दोन ठिकाणी मोडला. एक पाकळी तर झाडूनच गेली असावी, सापडतच नाहीये. वाटी मात्र शाबूत आहे, नशीब.

आमचे सुतारकाका म्हणतात, "फेव्हिकॉल लावून वरून पॉलिश मारतो, नवा दिसेल." नवाच तर दिसायला नकोय!

तर विचारायचं असं: इतक्या बारीक सांध्याला जुन्या पद्धतीचा सरस (हाडा-कातड्याचा गोंद) बरा की दुसरं काही? चिकटेपर्यंत जाळीला दाब कसा द्यायचा? शिकंजा लावला तर चुराच होईल. गेलेली पाकळी नवीन कोरून घ्यावी का तशीच ठेवावी? आणि पुण्या-मुंबईत असं नाजूक काम करणारं कुणी माहीत आहे का? तुकडे सध्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवलेत. बाबांना अजून सांगितलेलं नाही.